खालच्या गल्लीचं मलम

मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यानंतरची ही वर्षं. मी नुकती नर्स झाले होते. डोळ्यांतल्या खुपऱ्यांवरचं नवं मलम किती लागू पडतं हे पाहण्यासाठी मला तामलवाडीच्या पुढच्या एका गावात धाडलं. रीत सोपी होती. वरल्या गल्लीतल्या घरांना पिवळ्या मलमाच्या नळ्या द्यायच्या, खालच्या गल्लीला नुसतं तोंड धुवायला शिकवायचं, आणि दोन्हीकडच्या पोरांच्या पापण्या उलटून फरक पाहायचा. गुण आला, की खालच्या गल्लीलाही मलम मिळणार होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी हे सगळं नकाशावर रेघ मारून समजावलं. कागदावर गाव फार गुणी दिसत होतं.

मला चावडीमागची खोली मिळाली. गावानं मला कधी वाईट वागवलं नाही, जवळही केलं नाही. डोळे आलेल्याकडे पाहिलं की आपलेही येतात, अशी तिथली समजूत. आणि मी तर दिवसभर तसलेच डोळे बघणारी. बायका माझ्याशी बोलायच्या त्या चुलीकडे पाहत. संध्याकाळी एकीच्या घरचा विस्तव दुसरीच्या चुलीत जायचा, विरजणाची वाटी गल्लीभर फिरायची. माझ्याकडे स्टोव्ह होता, त्यामुळे तेवढंही निमित्त नव्हतं. कधी कधी मी खोलीत स्वतःशीच मोठ्यानं भांडायचे. तेवढाच माणसाचा आवाज.

खालच्या गल्लीत एक पाच-सहा वर्षांची पोरगी होती. तिच्या उजव्या बुबुळावर धुरकट फूल धरायला लागलं होतं. असंच चाललं तर तो डोळा जाणार, हे मला दिसत होतं, आणि माझ्या पेटीत नळ्या होत्या. एवढ्या एका पोरीला देऊ का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एकीला दिलं तर दुसरीला कोणत्या तोंडानं नाही म्हणाल? त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर मला त्यांचा जास्त राग आला. मी रोज त्या घरी जायचे, पोरीचं तोंड धुवायचे आणि खोलीवर येऊन रडायचे. तिच्या आईसमोर मात्र चेहरा कोरा. सरकारी माणसानं रडायचं नसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मग पोरगी डोळ्यांत काजळ फासून यायला लागली. काजळ घालू नका, एकाच बोटानं चार पोरांना लावता, त्यानंच खुपऱ्या पसरतात, हे सांगून माझा घसा कोरडा पडला होता. तोंड धुवायला गेले की आई म्हणायची, आत्ताच धुतलंय. पोरगी माझ्यापुढे डोळे गच्च मिटून बसायची. मी बोलायचे, आई मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी काजळ आणखी जाड. एके दिवशी मी चिडले, कापसाचा बोळा घेतला आणि पुसायलाच बसले. काजळाखालून पिवळा ओशटपणा निघाला. पापणी उलटून पाहिली. आतले दाणे बसत आले होते. बुबुळावरचं फूल विरळ झालं होतं.

पोरीची आत्या वरल्या गल्लीतच दिलेली. विरजण द्यावं तशी तिनं नळी दिली होती. नकाशावरची रेघ तिला कुणी दाखवलीच नव्हती.

आईनं पोरीला ओढून पाठीशी घेतलं. म्हणाली, "बाई, तुमी काढून घ्याल म्हून सांगितलं न्हाय. समद्या गल्लीला म्या शपथ घातली हुती."

मी नेहमीसारखा चेहरा कोरा केला आणि पेटी बंद केली. ती ते रागाचं लक्षण समजली.

पुढे खालच्या गल्लीत आणखी काही घरांतही तोच प्रकार निघाला. डॉक्टर म्हणाले, आता या गावात तुलना कसली करायची. सगळ्यांनाच मलम देऊन टाका. मला दुसऱ्या गावी जायचा हुकूम आला.

पोरीचा डोळा वाचला. ते आठवलं की आजही बरं वाटतं, आणि लगेच दुसरंही आठवतं. तिला नीट दिसायला लागलं, तेव्हा त्या घरात बायका जमल्या असतील, हसल्या असतील, आत्यानं तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या असतील. त्याच दिवसांत मी चावडीमागे तिच्यासाठी रडत होते. साऱ्या गावाला ठाऊक होतं. जिच्यापासून ही बातमी लपवायची, अशी त्या गावात मी एकटीच होते.