रविवारी मला का बोलवायचे

अपमान माझा झाला. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी पावणेदोनला, भिगवणात, हायवेच्या कडेच्या मासळीच्या हॉटेलात. टेबलावर आम्ही पाच जण. चौघं पीत होते. पाचवा मी.

त्या दिवशी मीही ग्लास उचलला. एक घोट घेतला. अभिराजनं माझं मनगट धरलं, ग्लास काढून घेतला आणि चिलापी माशाच्या काट्यांच्या ताटात ओतला.

"तू पिलास तर आमाला घरी कोण न्हेणार?" तो म्हणाला. "तुला बसायला न्हाय आणलं. गाडी चालवायला आणलंय."

बाकीचे तिघं हसले. एक जण म्हणाला, "अय, तोंडाचा वास बघ रं त्याच्या." नाकाबंदीला पोलीस बघतात तसं अभिराजनं नाक माझ्या तोंडाशी आणलं. "हाऽ कर."

मी केलं.

"चालतंय. एवढ्यानं काय हुत न्हाय."

आणि मी अभिराजची गाडी चालवून चौघांना आमच्या गावी, सणसरला सोडलं. हेही लिहितो. हे लपवलं तर बाकीचं सगळं खोटं.

अभिराज आमच्याच गावचा. शाळेत एका वर्गात होतो. त्याच्या घरचा ऊस नजर पोचेल तिथवर. माझ्या वडलांनी जन्मभर त्याच उसाला दारं धरली, म्हणजे पाणी दिलं. मी बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागलो, जळोचीत खोली घेतली. आठवडाभर सुपरवायझर सोडून कोणी माझं नाव घेत नसे. रविवारी अभिराजचा फोन यायचा, "चल रं भिगवणला." मला वाटायचं, मला बोलवतात. दीड वर्ष वाटत होतं.

जळायचो मी त्यांच्यावर. दारूसाठी नाही. दोन पेग झाले की ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, त्यावर जळायचो. शिव्या देऊन वर गळ्यात पडायचे, त्यावर. एकमेकांच्या ताटातला माशाचा तुकडा न विचारता उचलायचे. माझ्या ताटाला कधी कोणी हात लावला नाही. फोटो मीच काढायचो, म्हणून एकाही फोटोत मी नाही. मला वाटलं, मधे फक्त ग्लास आडवा आहे. आपणही प्यालो की झालो त्यांच्यातले.

एवढी साधी चूक.

त्या रविवारनंतर अभिराजचा फोन यायचा बंद झाला. मी खोलीवर एकटा प्यायला लागलो. मोबाईल तांब्याला टेकवून उभा करायचा. त्यावर त्यांचं भिगवणचं स्टेटस लावायचं. ते चिअर्स म्हणाले की मी माझा ग्लास स्क्रीनला लावायचा. हसू नका. चार महिने मी असा पाच जणांत पीत होतो.

मग एका रविवारी फोन वाजला. अभिराज. "कुठं हायस? ये की लेका, तुझ्याबिगर मजा न्हाय." मला रडू फुटायचं बाकी होतं. मी म्हणालो, "आत्ताच एक घेतलाय रे."

"मग ऱ्हाऊ दे." फोन बंद.

माझ्याबिगर मजा नव्हती ती इतकीच. उरलेली बाटली मी मोरीत ओतली. पुढच्या रविवारी परत फोन. "आज पिला न्हाईस ना?"

"न्हाय पिलो. पण गाडी न्हाय चालवणार. नुसता जेवायला येतो. चालंल?"

"डोकं फिरलं काय तुझं?"

"व्हय, फिरलं. आता तूच चालव तुझी गाडी." या वेळी फोन मी ठेवला.

आता मी बारामतीच्या एसटी स्टँडवर व्यसनमुक्तीची पत्रकं वाटतो. पत्रकावर सडक्या लिव्हरचं चित्र आहे. रविवारचं चित्र नाही. माणूस चवीसाठी पितो असं पत्रक लिहिणाऱ्याला वाटतं. मी तर कोणीतरी आपल्याला हाक मारावी म्हणून प्यालो. हे कुठल्या पत्रकात छापता? आणि मी बरा झालो असंही समजू नका. त्यांचं स्टेटस दिसलं की अजून जळतो. पण त्या गाडीत परत बसणार नाही.

आता तुम्ही. तुमच्या टेबलावरही एक जण असतो. न पिणारा. गाडीची चावी त्याच्या पुढ्यात ठेवलेली असते. येत्या रविवारी त्याला फोन करा. त्या दिवशी पिऊ नका, गाडी तुम्ही चालवा, त्याला शेजारी बसवा. त्याच्या ताटातला तुकडा न विचारता उचला. हे जमत नसेल तर त्याला मित्र म्हणणं बंद करा. ड्रायव्हर म्हणा. त्याच्या तोंडावर म्हणा.