लुगड्याचा चौथा कोपरा

ताई, मी घर सोडलं त्या दुपारी आपण गच्चीवर होतो. इतवारीतल्या आपल्या गच्चीवर आईनं जुनं लुगडं अंथरून मुगवड्या घातल्या होत्या आणि दरवर्षीसारखं चार कोपरे धरून चौघं बसलो होतो : आई, तू, शेजारची काकू आणि मी. विटा ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पण वावटळ उठली की लुगडं कधी ओढून धरायचं हे विटेला कळत नाही, असं आईचं म्हणणं. खाली रिक्षावाला घंटी वाजवत होता. मी उठलो. वड्या ओल्या होत्या, म्हणून आई स्टेशनवर आली नाही. एवढंच म्हणाली, "तू चालला, आता या कोपऱ्यावर कोण बसन?"

दोन वर्षांत येतो, असं मी ठासून सांगितलं.

सपाट नागपूरचा पोरगा डोंगरावरचा वारा शिकायला अमेरिकेला निघाला, याचं सगळ्यांना हसू येत होतं. "काहून गा, इथं वारा कमी हाय का?" काकूनं विचारलं होतं. खरं तर मला वाऱ्याचं वेड त्याच कोपऱ्यावर बसून लागलं.

तिथलं काम साधं करून सांगतो. पश्चिमेचा वारा डोंगर चढतो, पलीकडे कोसळतो, आणि नदीत खडकामागे पाणी उसळतं तशा हवेत लाटा उठतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण त्यात शिरलेलं विमान गचके खातं. आम्ही मापं घ्यायला मुद्दाम शिरायचो, आणि मी दर वेळी ओकायचो. कधी वरच्या हवेचं झाकण बसतं. मग लाटेला वर निघून जाता येत नाही, ती डोंगरामागे तिथल्या तिथे वरखाली होत राहते. तिला आमच्यात अडकलेली लाट म्हणतात. हा शब्द रोज लिहिताना मला स्वतःचाच राग यायचा.

कारण दोन वर्षं कधीच उलटली होती. काम संपलं, नोकरी लागली, पण कायम राहण्याचे कागद काही हलेनात. वकील म्हणाला, बाहेर गेलात तर परत आत घेतील याची खात्री नाही. आणि डोंगरावरच्या वाऱ्यासाठी नागपुरात मला पगार कोण देणार? तू लिहायचीस, आईला जिना चढताना धाप लागते. वाचून मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचो. कुणी कडी लावली नव्हती, तरी कोंडल्यासारखं व्हायचं.

एका जानेवारीत डोंगरावरून कोरडी, गरम हवा उतरली. बर्फ वितळलं, आणि ते ऊन अंगाला थेट नागपूरसारखं लागलं. मी डाळ भिजवून वाटली, बाल्कनीत चादरीवर वड्या घातल्या आणि चारी कोपऱ्यांवर माझी जाडजूड पुस्तकं ठेवली. अशी ऊब उतरली की वारा पिसाळतो, हे त्याच पुस्तकांत आहे आणि मी ते तिथल्या कॉलेजच्या पोरांना शिकवायचो. पण ऊन पाहून माझी अक्कल गहाण पडली. दुपारी चादर, वड्या, पुस्तकं सगळं शेजारणीच्या अंगणात. तिनं पुस्तक परत आणून दिलं, तर पानाला वडी चिकटलेली. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन रडलो.

कागद झाले तेव्हा मी एप्रिलचं तिकीट काढलं. तुला आठवतंय ना, मी बॅग खाली टाकून तडक गच्चीवर आलो? आई केवढीशी झाली होती. एका कोपऱ्यावर ती, एकावर तू, काकूच्या जागी तिची सून. चौथ्यावर वीट होती. आईनं ती उचलली आणि म्हणाली, "बस."

मी बसलो. फरशी तापली होती. तिकडे माझं घर आहे, गाडी आहे, नावाची पाटी आहे. पण तिथून मी उठून गेलो तर काही उडून जात नाही.

"किती दिवस हायेस?" आईनं विचारलं.

"तीन आठवडे."

"मंग वड्या वाळेपर्यंत उठू नको."

मी चौथा कोपरा घट्ट धरून बसलो. वीट मात्र तिनं लांब ठेवली नाही, हाताशीच ठेवली.