दत्तूने न चाखलेली बरबन

मेरीमावशीचं नाव आधी घेतो. मिरजेच्या रेल्वे चाळीत राहणारी, मूळची गोव्याची, नवरा गेल्यावर चार परक्या पोरांची खाणावळ चालवून पोट भरणारी मेरीमावशी. तिनं दवाखान्यात रोज पेज नेऊन दिली. शेजारच्या मास्तरांकडून मला कार्ड लिहवून घेतलं तेही तिनंच, आणि हे मी कलकत्त्याच्या ज्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय तिथवर मला पोचवलं तेही तिनंच. एवढं सांगितलं म्हणजे मग पुढचं सांगायला तोंड उघडतं. आमचा दत्तू गेला. कुंडलचा दत्तू, माझ्याबरोबर मिरजेच्या दुकानात वाढलेला. विषमज्वर झाला, गाडीत घालून मिरजेला आणला, तो परत गेला नाही. कार्ड माझ्या हातात पडलं तोवर तिकडे दिवसपाणीही उरकलं होतं. कार्ड वाचून मला रडू आलं, पण ते नंतर. आधी मनात आलं ते असं, की मी तापानं पडलो असतो तर मावशी माझ्यासाठी रोज पेज घेऊन गेली असती का... माणूस मेल्यावरही त्याचा हेवा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी शाळा मराठी चौथीत सुटली. पलूसला चुलत्यांच्या घरी वाढलो, आणि तिथं माझं असं काही नव्हतं, हे चुलती रोज भाकरी वाढताना न बोलता सांगायची. म्हणून मिरजेला आलो आणि स्टेशनाजवळच्या एका पारशी शेठजींच्या विलायती दारूच्या दुकानात बाटल्या पुसायला लागलो. दत्तू पुढच्या वर्षी आला. त्याला यायची काही गरज नव्हती. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, दोन भाऊ फौजेत. बापाशी भांडून रुसून आला होता, एवढंच. आम्ही दोघं मावशीकडे जेवायचो. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा टाकला आणि माझ्या ताटात शेपटीकडचा. दत्तूनं तो उचलून माझ्या ताटात ठेवला. मला तर त्याचा जास्तच राग आला.

लढाई संपली तसे कलकत्त्याकडचे अमेरिकन गोरे आपल्या देशी परत गेले आणि त्यांच्या छावण्यांतला माल स्वस्तात निघाला. त्यात ही बरबन होती. बरबन म्हणजे मक्याची विलायती दारू, जळक्या लाकडाच्या पिंपात मुरवलेली, तांबूस. मिरज जंक्शनात गार्ड, ड्रायव्हर, तिकीट बाबू असे गोवेकर आणि अँग्लो-इंडियन पुष्कळ. नाताळला त्यांना घरात बाटली हवी असायची, आणि स्कॉच त्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती. शेठजींचे मेहुणे कलकत्त्यात हाच धंदा करायचे. त्यांनी नमुन्याच्या चार-पाच बाटल्या पाठवून विचारलं, यातली कुठली पाठवू. शेठजी स्वतः चाखायचे, पण तोंड वाकडं करायचे. म्हणायचे, "माझी जीभ स्कॉचची. मला ही सगळी काकवीच लागते. तुम्ही पोरं सांगा. अशी बोला, जी गार्डसाहेबाला परवडेल आणि त्याची बाईपण ठसका न लागता पिईल."

आता गंमत अशी, की ही परीक्षा दरवर्षी यायची मार्गशीर्षात. दत्तूच्या घरी खंडोबा. आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत तो कांदा-लसूण खायचा नाही, आणि षष्ठीआधीचे सहा दिवस तर दारूचा थेंब जिभेला लावायचा नाही. नमुने यायचे नेमके त्याच दिवसांत. तर हा गडी काय करायचा, बाटलीचं बूच काढून दोन थेंब तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात घासायचा, त्यातली नशा उडून जाईपर्यंत थांबायचा आणि मग हात नाकाशी धरून डोळे मिटायचा. गुऱ्हाळात बाप उकळत्या रसाचा वास घेऊन कढई कधी उतरवायची ते सांगायचा, तशातली ती सवय. "ह्यात भाजल्या कणसाचा वास हाय," तो म्हणायचा. "आन ह्यात नुसता जाळ. ही नगं, शेठ. ही बाईमानसाच्या घशात टोचंल." मी तिथंच ग्लास घेऊन, पाणी घालून, घोट जिभेवर फिरवून चाखत असायचो. आणि शेठजी माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"आवं शेठ, नारूला पन इचारा की," दत्तू म्हणायचा. हे तो चांगुलपणानं म्हणायचा, आणि तेच मला सोसायचं नाही.

मग एका वर्षी बोलणं सुरू झालं की आपल्या मुलखात दारूबंदी येणार. शेठजी एका सकाळी आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "दुकान आता फार दिवस नाही चालायचं. मेहुण्याला एक माणूस हवा आहे, चाखून माल निवडणारा. एकाला पाठवीन. दुसऱ्यानं घरी जावं." घरी जावं... दत्तूला ते काही वाटलं नसेल. मला पलूसचा तो उंबरा दिसला. शेठजींनी ठरवलं की या नाताळचा निम्मा माल दत्तूच्या सांगण्यावर मागवायचा, निम्मा माझ्या. ज्याचा खपेल तो जाईल.

मी जिवाच्या करारानं चाखलं. मावशीकडून मुद्दाम डबाभर भडंग करून घेतलं होतं, सांगलीकडचं असतं तसं, लसूण-तिखटाचं लालभडक. दोन घोटांच्या मध्ये तोंड साफ व्हावं म्हणून मूठ-मूठ खात होतो. एक बाटली मला लोण्यासारखी लागली. घशाला काही म्हणजे काही लागेना. मी तिच्यावर बोट ठेवलं. दत्तूनं आपले हात घासले, हुंगले, माझ्या बाटलीकडे बघितलं. "गड्या, ती न्हवं," एवढंच म्हणाला. "तू तुझं बघ," मी म्हणालो.

माल आला. दत्तूची बरबन नाताळच्या आधीच संपली. दवाखान्यातल्या नर्सबाया हिच्यातली आणखी आहे का म्हणून विचारत आल्या. माझ्या बाटल्या फळीवर तशाच. एक म्हातारा ड्रायव्हर तर उघडलेली बाटली परत घेऊन आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, "हिच्यावर इंजिन चालव." दुकानात सगळे हसले. दत्तू हसला नाही, हे मी बघून ठेवलं.

संध्याकाळी मावशी डबा घेऊन दुकानात आली, तिच्या कानावर सगळं गेलंच होतं. तिनं शेठजींना माझ्यासमोरच विचारलं, "शेट, त्यानं काय खाऊन चाखलं ते तुमी विचारलं?" मग तिनंच सांगितलं, "माझं भडंग खाल्लं त्यानं. लसूण, मिरची, सगळं. जीभ बधिर झाल्यावर आग काय आणि दूध काय. आणि तो दुसरा पाच महिने कांद्याला शिवला नाही. दत्तूचं नाक धुतल्यासारखं, ह्याचं तोंड भाजलेलं. ही काय बरोबरी झाली? भडंग मी केलं, दोष माझा. पोराला एक बाटली रिकाम्या तोंडानं चाखू द्या."

शेठजींनी लगेच काही हो म्हटलं नाही. त्यांनी आधी दत्तूला विचारलं, तू कलकत्त्याला जाशील का. मी फळीला टेकून उभा होतो. दत्तूनं डोकं खाजवलं. "न्हाई वो शेठ. बाचा निरोप आलाय, गुऱ्हाळ सुरू झालंया. आन तिकडं रोज मासं खायाचं, भाकरी कुनी द्यायची मला? नारूला धाडा. त्यो शिकंल."

ज्या गोष्टीसाठी मी देवाला नवस बोललो होतो, ती त्यानं अशी शिळ्या भाकरीसारखी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपाशी पोटी, चुळा भरून सगळे नमुने पुन्हा चाखले आणि दत्तूनं निवडलेलीच निवडली. पण ती कुठली हे मला आधीच ठाऊक होतं, तेव्हा त्या चाखण्याला काय अर्थ... शेठजींनाही ते कळलं असणार. मावशीच्या शब्दाखातर आणि दत्तूच्या नकारावर मी इकडे आलो. माझ्या जिभेच्या जोरावर नाही.

निघायच्या आदल्या रात्री दत्तू आणि मी मावशीकडे जेवलो. षष्ठीला मावशीनं, किरिस्ताव असून, दत्तूच्या खंडोबासाठी निखाऱ्यावर वांगं भाजून दिलं होतं, ते तो कौतुकानं पुन्हा पुन्हा सांगत होता. आता त्याचा नेम सुटला होता, कांदा बुक्कीनं फोडून खात होता. मी त्याच्यापुढं त्याच्याच बरबनचा ग्लास ठेवला. तो घोट घेऊन म्हणाला, "आता मलाबी काय कळंना बघ. कांदा खाल्ला की मी बी तुझ्यातलाच." आणि पाठीवर थाप मारून इतका हसला की मावशीही हसायला लागली. मी हसलो नाही. ती आमची शेवटची भेट.

इथं आता मला मान आहे. मेहुणेशेठ गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्या नारायणरावांनी निवडलेला माल आहे. मी नाताळच्या आधी महिनाभर लसूण सोडतो, आणि बाटली उघडली की दोन थेंब तळहातावर घेतो. लोकांना ती माझी रीत वाटते. वासात कणीस येतं, काकवी येते, जळकं लाकूड येतं. कधी येत नाही तेव्हा वाटतं, आज उघडा पडलो. दत्तूला असं कधी वाटलं नसेल. तो शेवटपर्यंत गुऱ्हाळावर ढेपा थापत राहिला असेल, आपण काय सोडलं याची आठवणही न काढता.

मावशीच्या कार्डात शेवटी एक ओळ आहे. ती मास्तरांना म्हणाली असणार, लिहा, की नारूशिवाय मला दत्तूचं कुणाशी बोलता येत नाही. ते मी पुष्कळदा वाचलं. मिरजेत असताना ती दत्तूचं कौतुक काढायची आणि मी ताट घेऊन उठायचो, किंवा मधेच माझंच काहीतरी घुसवायचो. तिच्या ध्यानात येत होतं, ती गप्प व्हायची. आता तिथं दारूबंदी आहे, मी बाटली काही नेऊ शकणार नाही, आणि साडी-चोळीनं हे फिटणारही नाही. पण रजा मिळेल तेव्हा मी येईन, मावशी. तुझ्या चुलीपुढं बसेन. तू दत्तूचं सांग, पहिल्यापासून, तुला हवं तितकं, आणि मी जागचा उठणार नाही.