कणगीच्या तळाचं धान्य

चिमणाबाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या, आणि पहिली सात वर्षं मी त्यांना 'अगं ए' म्हणून हाक मारली. त्यात काही गैर आहे असं मला वाटलं नाही, शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींना वाटलं नाही, आणि चिमणाबाईंना वाटत असलं तरी त्यांनी ते आम्हाला कळू दिलं नाही.

मी नांदगावकडचा. घरी बाजरी, कांदा, एक बैलजोडी आणि आडनावाचा ताठा. शहाण्णव साली पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा पाण्याची एक बाटली सोबत नेली होती. पाड्यात कोणाच्या घरी गेलो की ती काखेत असायची. कोणी तांब्या पुढे केला तर 'इथलं पाणी मला मानवत नाही' म्हणायचो. बाटलीत पाणी असायचं त्यांच्याच विहिरीचं, मीच शाळेच्या खोलीत गाळून भरलेलं. म्हणजे मला न मानवणारी गोष्ट पाणी नव्हतीच, पण हे स्वतःशी कबूल करायला मला फार वेळ लागला.

चिमणाबाई कोकणा या आदिवासी समाजाच्या. बुटक्या, चालायला चपळ, बोलायला मिस्कील. शाळेच्या वरच्या उतारावर त्यांचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, वावर होतं. मी पहिल्या पावसाळ्यात त्या उतारावर दोनदा आपटलो, तेव्हा त्यांनी वरून ओरडून सांगितलं होतं की गुरुजी, बैलासारखं नका चालू, शेळीसारखं चाला. सगळा पाडा हसला आणि मी आठवडाभर फुगून बसलो. नवरा काळू छातीच्या दुखण्याने घरीच असायचा. मुलगा आणि सून दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायची आणि त्यांच्या दोन मुली आजीकडे राहायच्या. ही गोष्ट घडली त्या साली धाकटी अजून कडेवरची होती. थोरली रोशनी माझ्याकडे दुसरीत होती. चिमणाबाई तिला रोज हाताला धरून आणायच्या आणि ती जागेवर बसेपर्यंत दारात उभ्या राहायच्या.

त्या घराचं वर्ष दोन तुकड्यांचं होतं. स्वतःची नागली आणि वरई होळीपर्यंत पुरायची. तिथून पुढे नवं पीक हाती येईपर्यंत सगळा भार पिवळ्या रेशनकार्डावर. कार्ड गेलं तर अर्धं वर्ष गेलं, इतका सरळ हिशेब होता, आणि मला तो ठाऊक होता. सात वर्षं मी त्या घराच्या पन्नास पावलांवर राहत होतो.

दोन हजार तीनची होळी झाली आणि दारिद्र्यरेषेच्या यादीसाठी घरं तपासायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. हातात छापील कागद, घराला गुण द्यायचे. मी चिडलेलोच होतो, कारण त्या आठवड्यात मला नांदगावला एका लग्नाला जायचं होतं. चौदा घरं दोन दिवसांत उरकायची ठरवून निघालो. चिमणाबाईंच्या घरात चपला घालून शिरलो, भिंतीकडची बांबूची कणगी दिसली आणि कोणाला न विचारता तिचं झाकण उचललं. तळाशी नागली होती, दोनेक शेर असेल.

"ती कणसरी हाय, गुरजी," चिमणाबाई म्हणाल्या. "खायाची नाय."

कणसरी म्हणजे धान्याची देवी, हे मी ऐकून होतो. नवं पीक आलं की त्या घरात तिला कणगीत बसवायचे. तिच्या वाट्याचं धान्य तळाशी राहायचं, त्याला वर्षभर पोटासाठी हात लागायचा नाही आणि जूनमध्ये तेच बी म्हणून वावरात जायचं. चिमणाबाईंच्या सासूच्या सासूपासून हीच नागली त्या कणगीतून वावरात आणि वावरातून कणगीत येत-जात होती. मी हसलो. खायचं नाही तर ठेवलंय कशाला, असं काहीतरी बोललो आणि 'घरात धान्य शिल्लक आहे' असं लिहून मोकळा झालो. बाकीच्या रकान्यांतही हात सैल सोडला. मुलगा बाहेर कमावतो, छपराला पत्रा आहे, लिहीत गेलो. पुढच्या घरीही तेच. पाड्यातल्या नऊ घरांत कणगी होती आणि नऊही घरांच्या तळाशी कणसरी होती. ज्या पाच घरांत कणगीच उरली नव्हती, तेवढीच गरीब ठरली. लग्न मला वेळेवर गाठता आलं.

एप्रिलमध्ये यादी लागली, तीत त्या नऊ घरांची नावं नव्हती. रेशन दुकानदाराने चिमणाबाईंना हात हलवत परत पाठवलं. त्या तशाच शाळेत आल्या, रिकामी पिशवी हातात घेऊन, आणि मला विचारलं, "गुरजी, आमी कवा श्रीमंत झालो?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. यादी वरून येते, माझ्या हातात काही नसतं, असं मी सांगितलं. धडधडीत खोटं बोललो, आणि त्या मान हलवून निघून गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळची शाळा चालू असताना, रोशनी वर्गात ओकली. आदल्या दिवशी घरात रानातून खणून आणलेला कडूकंद शिजवला होता. तो काप करून पुन्हा पुन्हा उकळावा लागतो, पाणी बदलत राहावं लागतं, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा जातो. पोरं भुकेने रडत होती म्हणून तो लवकर उतरवला होता. रोशनी दोन दिवसांनी उठून बसली. पण तिला उचलून घरी नेताना तिचं वजन माझ्या हातांना कळलं होतं आणि मी मनातून हादरलो. ही भूक मी माझ्या हस्ताक्षरात लिहिली होती.

त्याच महिन्यात नाशिकला गंगापूर रोडवर आम्हा शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. सुनील नावाचा तरुण प्राध्यापक बोलायला होता. पहिला दिवसभर त्याने दूरच्या देशांतला वंशभेद सांगितला. कातडीच्या रंगावरून माणसांना वेगळ्या बाकांवर कसं बसवायचे, वेगळ्या नळांवर पाणी कसं प्यायला लावायचे, आणि शेवटी त्याच माणसांच्या घरात भूक कशी मुक्कामाला यायची. आम्ही हळहळलो. वहीत उतरवून घेतलं. चहाच्या वेळी एक जण म्हणालाही की काय एकेक रानटी लोक असतात जगात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीलने सांगितलं की तो स्वतः कोकणा आहे आणि सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर वाढला आहे. मग त्याने विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांनी पाड्यातल्या घरात पाणी प्यायलंय? हात वर करा."

थोडे हात वर गेले. माझाही गेला. त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि मला इतकी लाज वाटली की पुढचा तासभर काहीच ऐकू आलं नाही. संध्याकाळी बस पकडून मी थेट पाड्यावर आलो. सगळं दुरुस्त करायचं ठरवूनच आलो होतो. माझा स्वभावच तसा, एकदा पेटलो की धीर धरवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणाबाईंच्या दारात चपला काढल्या आणि म्हणालो, "चिमणाबाई, तुम्ही मला पाणी द्याल का?" 'तुम्ही' ऐकून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. मग तांब्या दिला. मी घटाघटा प्यायलो. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला माझाच मोठेपणा चढला होता. मी म्हणालो की आज मी इथेच जेवतो, भाकरी टाका.

काळूबाबांनी चिमणाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्यांना भरून आलं असणार, असं मी धरून चाललो. त्या आतल्या अंधारात गेल्या, थोड्या वेळाने जात्याची घरघर ऐकू आली, आणि मी भिंतीला टेकून काळूबाबांना वंशभेद समजावून सांगत राहिलो.

त्या घरात पाहुण्याला एकटं जेवायला बसवत नसत. पाहुणा जेवायला बसला की सगळं घर त्याच्यासोबत बसायचं. काळूबाबा बसले, रोशनी धाकटीला घेऊन बसली, शेजारची दोन पोरं आली तीही बसली. गरम नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रोशनी तीन भाकऱ्या जेवली. तिच्याकडे पाहून माझे डोळे भरून आले. वाटलं, एवढ्या वर्षांत मी केलेलं हे पहिलं चांगलं काम. जातं त्या दुपारी पुन्हा एकदा फिरलं. पुढच्या आठवड्यात जो भेटला त्याला मी सांगत सुटलो की मी चिमणाबाईंच्या घरी जेवलो.

नऊ घरांसाठी हरकतीचे अर्जही मीच लिहिले. आधीची नोंद माझी चूक होती, असं प्रत्येक अर्जात स्पष्ट लिहिलं. मे महिन्याच्या शेवटी तालुक्याहून तपासायला साहेब आले. मी त्यांना आठ घरांत कणसरी म्हणजे काय ते घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. नववं घर चिमणाबाईंचं. तिथे मला काही बोलावंच लागलं नाही. साहेबांनी कणगीत डोकावून पाहिलं, तळ स्वच्छ झाडलेला होता. त्यांनी लगेच शेरा लिहिला. बी बहुतेक काढून ठेवलं असेल, असं मला वाटलं. त्या घटकेला मी फक्त खूश होतो.

नऊ घरांची कार्डं परत आली. रेशनचे गहू-तांदूळ घरात पडले आणि रोशनी पुन्हा वर्गात बडबडायला लागली.

जूनमध्ये पाड्यात सगळीकडे नागलीचं रोप टाकायची घाई उडाली. शाळेच्या वरचं चिमणाबाईंचं वावर मात्र तसंच पडून होतं. काळूबाबा ओट्यावर बसले होते. त्यांना मी सहज विचारलं की तुम्ही अजून बी कसं नाही टाकलं. ते खोकले, आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "बी त जेवलो ना आपण, गुरजी. तुमच्यासंगं."

मला आधी समजलंच नाही. मग हिशेब लागला. त्या दुपारी घरात दुसरा दाणा नव्हता. असता तर पोरांना कडूकंद कशाला खाऊ घातला असता? पोर ओकली तरी ज्या धान्याला त्यांनी हात लावला नाही, ते मी जेवतो म्हणालो म्हणून दळलं.

मी तसाच चिमणाबाईंकडे गेलो. त्या लाकडं रचत होत्या. नाही का म्हणाला नाहीत, असं मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलोच. स्वतःवरचा राग काढायलाही मला त्याच सापडल्या.

त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "सात वरसांनी तुमी पाणी मागितलां," त्या म्हणाल्या. "मंग भाकर मागितली. नाय कसां म्हनू?"

त्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. शेजाऱ्यांकडे आपापल्या वावरापुरतंच बी होतं. मी नाशिकला जाऊन दुकानातून नागलीचं बियाणं आणलं. चिमणाबाईंनी ते घेतलं, रोप टाकलं, लावणी केली, आणि पीकही बरं आलं. कापणी झाल्यावर पाड्यात घरोघरी कणसरी बसली. चिमणाबाईंनी नवी नागली कणगीत भरली, पण कणसरी बसवली नाही. मी भीतभीत कारण विचारलं.

"बसवू ना," त्या म्हणाल्या. "ही कुना घरची हाय, कोनाला ठावं. अजून तिची न् आमची वळख नाय झाली."

पुढची चार वर्षं मी त्या पाड्यावर होतो. दर वर्षी पीक आलं की काही ना काही निमित्त काढून मी त्यांच्या घरी जायचो आणि कणगीकडे पाहायचो. झाकण मी पुन्हा कधी उचललं नाही, चिमणाबाईच ते काढून मला दाखवायच्या. दोन हजार सात साली माझी बदली झाली, तोपर्यंत तरी त्यांनी कणसरी बसवली नव्हती.