लाल दोरा कशाचा?

सोलापूर स्टेशनवर बंगळुरूची गाडी लागली, तेव्हा बाबांनी खिशातून दोऱ्याची रिळं काढली. "सर्टिफिकेटांची फाइल दे. कुठला रंग बांधू?"

"काही नको. चेनचा फोल्डर आहे," मी म्हणाले. त्यांनी रिळं गुपचूप परत ठेवली. सीए झालेली लेक आपलं बार्शीचं छोटं हिशेबाचं ऑफिस चालवेल, अशी त्यांना आशा होती. मला त्या ऑफिसची लाज वाटायची, हे आज लिहून टाकते. लाज त्या दोऱ्यांचीच. ज्या व्यापाऱ्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी बाबा खरेदीच्या बिलांना लाल दोरा बांधत, विक्रीच्या बिलांना पिवळा.

बंगळुरूच्या इंदिरानगरात लागले ती फर्मही लहानच, पण सगळं सॉफ्टवेअरवर. मालक अण्णा, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. त्यांनी मला ग्राहक म्हणून शहराजवळच्या आनेकलची गौरक्का दिली. तिची विटांची भट्टी. अक्षरओळख नाही. मी तिला मोबाइलवरचं ॲप शिकवलं, दोनदा, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून. बिलांची खिचडी व्हायची ती झालीच. मग ती अण्णांना म्हणाली, माझे कागद परत द्या, इथं मला अडाणी समजतात.

"तिला समजत नाही म्हणू नको," अण्णा मला म्हणाले. "आपल्याला सांगायला येईना, अष्टे, एवढंच. स्वल्प डोकं चालव." आणि गौरक्काकडून त्यांनी एक महिना मागून घेतला.

डोकं काय चालवणार, दोरे आणले. लाल खरेदीला, पिवळा विक्रीला. महिन्यानं गठ्ठे आले ते उलटेसुलटे. विक्रीची बिलं लाल दोऱ्यात.

मी चिडून बाबांना फोन लावला. "तुमचे दोरे इथं चालत नाहीत."

ते हसले. "अगं, लाल मी थोडाच ठरवला? आपला पहिला व्यापारी मिरची घ्यायचा, म्हणून त्यानं खरेदीला लाल सांगितला. तुझ्या बाईला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. सगळं शिकले, एवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रंगांची रिळं गौरक्कापुढे ठेवली. कुठला रंग कशाला, तुम्हीच सांगा, म्हटलं. विटा लाल, त्या ती विकते. कोळसा काळा, तो ती घेते. तिनं स्वतःच गाठी मारल्या, "सरी," म्हणजे ठीक, म्हणाली आणि कागद आमच्याकडेच ठेवून गेली.

त्या संध्याकाळी स्टेशन आठवलं आणि रडू आलं. बाबांनी मलाही विचारलंच होतं. गाव सोडलेल्यांनो, तुमचं घर कुठं ते तुम्ही जाणा. माझं घर म्हणजे आधी माझा रंग विचारणारा तो माणूस.

रविवारी फोनवर त्यांना म्हटलं, "बाबा, फाइलला पिवळा बांधा."

कुठल्या फाइलला, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "घेऊन ये. रीळ खिशातच आहे."