लाल गाडीच्या डाव्या कडा

"सगळ्यात स्वस्त टायर टाका. गाडी विकायचीच आहे," केतन म्हणाला.

केतन हडपसरच्या आयटी कंपनीत. दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार त्याने हौसेने सेकंडहँड घेतलेली. आता ऑनसाइट निघाला होता, अमेरिकेला. गाडी बघायला गिऱ्हाईक येणार आणि टायर पार गुळगुळीत. सोबत वडील होते, अण्णा, रिटायर्ड. बिबवेवाडीतल्या माझ्या टायरच्या दुकानात शिरताशिरताच म्हणाले, "पांढरा हत्ती आहे हो. जाऊ दे एकदाची." आणि स्टुलावर बसून पेपर उघडला.

मी गाडी जॅकवर घेतली. डावीकडच्या दोन्ही टायरच्या कडा खरवडलेल्या. गाडी फुटपाथला चिकटवून लावली की असं होतं.

"रस्त्यावर लावता का?"

"छे! सोसायटीत पार्किंग आहे. आणि मी तर चार महिने कंपनीच्या बसनेच जातोय."

मग ही गाडी जाते तरी कुठे? मला काही राहवेना. पण दुकानदाराने आधी टायर दाखवावेत.

स्पोर्ट्स कारच्या टायरचं रबर मऊ असतं. रस्ता घट्ट धरतं, पण लवकर झिजतं आणि महागही पडतं. त्याच साइझचा, तेवढाच वेग आणि वजन सोसणारा, पण जरा कडक रबराचा टायर स्वस्त पडतो, टिकतोही. तो मी पुढे ठेवला.

"याहून स्वस्त?"

"आहे. ओल्या रस्त्यावर जरा सरकतो."

"चालेल. विकायचीच आहे."

"अहो, नको नको!" पेपरमागून आवाज आला. "आधीच स्वारगेटच्या वळणावर मागून सरकते ती."

केतन गर्रकन वळला.

"अण्णा, तुम्हाला काय माहीत?"

"बॅटरी उतरते रे. म्हणून मंडईपर्यंत फिरवून आणतो."

"रोज?"

"भाजी रोज लागते."

"आणि मला पांढरा हत्ती म्हणून ऐकवता!"

"हत्तीच आहे," अण्णा म्हणाले. "पण चालतो छान."

मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं. गाडी गेली असती तरी या माणसाने चकार शब्द काढला नसता.

केतनने मधल्या किमतीचेच टायर टाकायला सांगितले. गाडीच्या गिऱ्हाइकाला तिथूनच फोन लावून नाही म्हटलं. मग किल्ली अण्णांपुढे धरली. "मी नसताना अधूनमधून फिरवा."

"बघू," अण्णा म्हणाले. "वेळ मिळाला तर."

काही महिन्यांनी चाकं सरळ आहेत ना, ते तपासायला अण्णा एकटेच आले. डाव्या कडा पुन्हा खरवडलेल्या. माझा धडा एवढाच: बजेट मालकाला विचारावं, बाकी सगळं सोबत आलेल्या माणसाला.