हाराऐवजी दिलेलं पुस्तक

त्या दिवशीच्या टाळ्या आठवल्या की अजूनही माझं डोकं फिरतं, कारण त्यांत माझ्याही होत्या.

आमची शाळा नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागात. आम्ही पाच शिक्षक. प्रशिक्षणांना सगळेच विटलेले. पडद्यावर काहीतरी सरकत असतं, मागच्या बाकावर मोबाईल चालू असतात, शेवटी चहा-बिस्कीट आणि फोटो. म्हणून मीच म्हटलं, आपण आपला वाचनगट काढू. मुलांना वाचायला कसं शिकवावं यावरच्या एका साध्या पुस्तकाच्या पाच प्रती नगरहून आणल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर बसायचं. नियम एकच, तोही माझाच: पानाच्या कडेला पेन्सिलीने आपल्या वर्गातलं खरं लिहायचं आणि पुढच्या शनिवारी प्रती बदलायच्या.

तिसरीच्या बाई आमच्यात सर्वांत मोठ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. तीन शनिवार त्यांचं पुस्तक कोरंच. मी टोकलं, तर म्हणाल्या, "लिहायला काय लागतंय मॅडम? पण भलत्याच कोणाच्या हाती पडलं तर?"

"आपणच पाच जण वाचणार, बाई. बाहेर कोण नेतंय?" किती ठासून म्हणाले मी!

चौथ्या शनिवारी त्यांची प्रत माझ्याकडे आली. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'माझ्या वर्गातल्या सात मुलांना वाचता येत नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याला येतात. तोवर मी पुढे गेलेली असते. वर पाठवायच्या तक्त्यात मात्र वाचता येतं असं लिहिते.' इतकं खरं मी आमच्या खात्यात कधी वाचलं नव्हतं. त्यानंतर बाई रोज मधल्या सुट्टीत त्या सातांना व्हरांड्यात घेऊन बसू लागल्या. दिवाळीच्या आत त्यांना वाचतं करायचं, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. दोघं तर जोडाक्षरांपर्यंत आले.

मुख्याध्यापक सरांना मात्र गटाची बातमी वर पोचवायची घाई. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार ठरलं. बॅनर लागला, रांगोळी निघाली. पाहुण्याच्या सत्काराशिवाय आमच्याकडे पान हलत नाही, आणि हल्ली हाराऐवजी पुस्तक द्यायची पद्धत पडलीय. ऐनवेळी पुस्तक कुठून आणणार? सरांनी गटाच्या प्रती ठेवलेल्या कपाटातली सगळ्यांत नवी दिसणारी प्रत उचलली. बाईंनी खाकी कव्हर घालून जपलेली ती प्रत; कव्हर काढल्यावर कोरी करकरीत दिसणारच. पहिल्या पानावर 'इयत्ता तिसरी' लिहिलेलं, तेवढं उघडून बघायचीही तसदी त्यांनी घेतली नाही. पुस्तक उघडायचं असतं, हेच त्या माणसाला ठाऊक नसावं! चमकीचा कागद गुंडाळून त्यांनी ते साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी कागद फाडून पुस्तक फोटोसाठी वर धरलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. टेबलाखाली चुरगळून पडलेलं खाकी कव्हर त्यांनी ओळखलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर बाईंकडून कळताच मी सरांना गाठलं. "ती वाचनातली प्रत होती सर, परत मागून घ्या."

"साहेबांना दिलेली वस्तू परत मागायची? डोकं ठिकाणावर आहे ना, मॅडम?"

आणि साहेबांनी नेमकं ते पुस्तक उघडलं. आठ दिवसांत बाईंना नोटीस आली: तक्त्यात खोटी नोंद का केली, खुलासा करा. मुलांना का वाचता येत नाही, याबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं. मी तालुक्याला जाऊन सांगितलं, लिहायला मीच लावलं होतं. साहेब शांतपणे म्हणाले, "हेतू चांगलाच आहे हो तुमचा. पण आता ते लेखी आलंय ना." मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं. मी नमस्कार करून बाहेर आले, याचीही चीड येते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, खुलासा आपण दोघी मिळून लिहू.

"दिला मी लिहून," बाई म्हणाल्या. "पुस्तकात लिहिलं ते नजरचुकीनं. सातही मुलांना वाचता येतं."

"आणि व्हरांड्यातला वर्ग?"

"आता कसा घेऊ? कोणी विचारलं, वाचता येतं तर बसवता कशाला, तर काय सांगू?"

बाहेर मधली सुट्टी झाली होती. सातही जण पुस्तकं घेऊन व्हरांड्यात येऊन बसले होते. दिवाळीला पंधरा दिवस होते, आणि बाई उठल्या नाहीत.